लवणसह धान्य पिके

लवणसह धान्य पिके : जमिनीतील अथवा सिंचनाच्या पाण्यातील विद्राव्य लवणांचे प्रमाण सर्वसाधारण पिकांना मानवेल त्यापेक्षा अधिक असतानाही ज्या पिकांपासून बऱ्यापैकी धान्य मिळते, त्या पिकांना व त्यांच्या विशिष्ट प्रकारांना ही संज्ञा लावतात. सातू, गहू, ज्वारी, बाजरी आणि समुद्रकाठच्या भाताचे काही स्थानिक प्रकार ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. पाऊस कमी, गोडे पाणी दुर्मिळ, पण भूमिगत खारे पाणी विपुल अशी स्थिती जगातील अनेक शुष्क व अर्धशुष्क प्रदेशांत आढळते. अशा पाण्यावर धान्य पिकविता येईल काय, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आला आहे. पिकाची सहनशीलता हा या प्रश्नाचा एक भाग झाला. पाण्याबरोबर शेतात आलेले मीठ पुढे कोठे जाते, हा त्याचा दुसरा भाग असून दख्खनच्या काळ्या जमिनींच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो.

लवणतेचे मापन : पाण्यात किंवा मातीच्या संपृक्त अर्कात लवणे जितकी अधिक तितकी त्याची विद्युत् संवाहकता अधिक असते, म्हणून लवणता संवाहकतेने मोजतात. पूर्वी हे मूल्य सेंमी.ला मिलिम्हो या एककात देत. हल्ली मीटरला डेसीसीमेन्स हे एकक वापरतात व दोन्हींचे आकडे सारखेच असतात (पुढील सर्व आकडे याच एककात आहेत). अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील लवणता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणानुसार मातीच्या अर्काची संवाहकता ४ पेक्षा अधिक असल्यास ती जमीन लवणयुक्त समजतात. मातीच्या कणांना चिकटलेल्या विनिमेय धनभारित आयनांपैकी सोडियमाचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास ती चोपण ठरते. हा भेद शेतकऱ्यांच्या बोलीतही आहे. पृष्ठभागावर पांढरे मीठ फुलणारी ती खारवट जमीन आणि ओली असता चिकट व वाळल्यावर दगडासारखी होणारी ती चोपण. खारवट जमिनीतील मीठ पाण्याने धुऊन जाऊ शकते. चोपण जमिनीत मात्र पाणीच आत शिरत नाही.

वनस्पतीवरील परिणाम : मिठाचा पहिला परिणाम तर्षणामुळे घडतो. मातीतील द्रावाचा तर्षण दाब वाढल्याने मुळांना पाणी ओढून घेणे अवघड जाते आणि जमीन ओलसर दिसत असतानाही पीक तहानलेले राहते. दुसरा परिणाम सावकाश होतो. बाष्पोच्छ्‌वासाच्या प्रवाहाबरोबर सोडियम व क्लोराइड पानांत साठत जाऊन जुन्या पानांच्या कडा करपतात आणि दाणा भरण्याच्या वेळी अन्न तयार करणारी पानेच उरत नाहीत. सहनशील वनस्पती यावर निरनिराळे उपाय योजतात. काही वनस्पती सोडियमाला मुळांतच अडवितात. काही तो कोशिकांतील रिक्तिकांमध्ये कोंडून ठेवतात आणि कोशिकाद्रव्यात प्रोलीन, ग्लायसीन बीटेन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून तर्षणाचा तोल सांभाळतात. धान्य पिकांत पहिला उपाय विशेष महत्त्वाचा दिसतो. केरळातील पोक्कळी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर या गुणाशी संबंधित असा एक खंड सापडला असून तो इतर वाणांत आणण्याचे काम झाले आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी रानटी जातीशी नाते असलेल्या एका प्राचीन गव्हातील सोडियम अडविणारा जीन कठीण (ड्युरम) गव्हात आणला. त्या गव्हाचे खाऱ्या जमिनीतील उत्पादन सु. २५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

ई. व्ही. मास व जी. जे. हॉफमन यांच्या मांडणीवर आधारलेल्या कोष्टकांवरून निरनिराळ्या पिकांची तुलना करता येते. मातीच्या अर्काची संवाहकता एका विशिष्ट मर्यादेपर्यंत वाढली, तरी उत्पादन घटत नाही. ही मर्यादा सातूसाठी ८, ज्वारीसाठी ६·८, गव्हासाठी ६, भातासाठी ३ व मक्यासाठी १·७ अशी दिली आहे. मात्र केवळ मर्यादा पाहून भागत नाही, कारण ती ओलांडल्यावर होणारी घट सर्व पिकांत सारखी नसते. लवणतेच्या प्रत्येक एककामागे सातूचे उत्पादन ५ टक्के, गव्हाचे ७·१ टक्के, तर ज्वारीचे १६ टक्के घटते. त्यामुळे संवाहकता १० असताना सातूचे उत्पादन सु. ९० टक्के व गव्हाचे सु. ७२ टक्के मिळेल, पण मर्यादा गव्हापेक्षा वरची असूनही ज्वारीचे निम्म्यावर येईल. ज्वारी बऱ्याच मिठापर्यंत टिकते आणि त्यानंतर एकदम ढासळते, हे तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रदेशांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. हे आकडे उगवून स्थिरावलेल्या पिकाचे आहेत. उगवण व रोपावस्था बहुतेक पिकांत अधिक नाजूक असते. भात खाऱ्या पाण्यात उगवतो, पण दोन-तीन पानांच्या अवस्थेत व पुन्हा फुलोऱ्याच्या वेळी त्याला मीठ सोसत नाही.

इतिहास : लवणसह धान्याचा आश्रय घेण्याची पद्धत फार जुनी आहे. दक्षिण मेसोपोटेमियात इ. स. पू. ३५०० च्या सुमारास गहू व सातू सारख्याच प्रमाणात पिकत, इ. स. पू. १७०० पर्यंत गहू जवळजवळ नाहीसा झाला आणि सातूचे उत्पादनही बरेच घटले, असे टी. याकोब्सन व आर. एम्. ॲडम्स यांनी १९५८ मध्ये मृत्पट्टिकांच्या आधारे दाखविले. कालव्यांमुळे भूजल वर येऊन जमिनी खारावल्या, हे त्यांनी दिलेले कारण. पुढील काही अभ्यासकांना ही मांडणी सर्वस्वी मान्य नाही. तरीही निचरा नसलेल्या जमिनीत अधिक सहनशील धान्य पेरल्याने संकट टळत नाही, ते पुढे ढकलले जाते, हा तिचा गाभा आधुनिक अनुभवाशी जुळतो.

आधुनिक प्रयोगांपैकी ह्यूगो व एलिझाबेथ बॉइको यांनी इझ्राएलमधील एलात येथे वाळू व खडीच्या जमिनीत खाऱ्या पाण्यावर केलेली लागवड प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियात इमॅन्युएल एप्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडलेले सातूचे प्रकार १९७० नंतरच्या दशकात किनाऱ्यावरील वाळूत प्रत्यक्ष समुद्राच्या पाण्यावर वाढविले आणि हेक्टरी सु. १ टन धान्य मिळविले. संयुक्त अरब अमिरातींतील दुबई येथे १९९९ मध्ये याच विषयाला वाहिलेले आंतरराष्ट्रीय केंद्र निघाले असून तेथे बाजरी, ज्वारी, सातू, क्विनोआ इत्यादींवर काम चालते. या सर्व यशांत एक गोष्ट समान आहे व तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते : जमीन वाळूची होती. वाळूत मीठ थांबत नाही; पुढच्या पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली निघून जाते.

भारतातील सर्वांत बोधप्रद उदाहरण राजस्थानातील पाली भागाचे आहे. तेथील शेतकरी खाऱ्या विहिरींवर खारचिया नावाचा गहू पिढ्यान्‌पिढ्या घेत आले. ते पावसाळ्यात शेत पडीक ठेवतात. त्या पावसाने मागील हंगामाचे मीठ खाली धुऊन जाते व मगच रब्बीत खारे पाणी देतात. म्हणजे एका पिकाच्या किंमतीवर दुसरे पीक साधले जाते. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने (स्थापना १९६९) या खारचियाच्या संकरातून के. आर. एल. १-४ हा वाण तयार केला व तो १९९० मध्ये प्रसृत झाला, के. आर. एल. १९, २१० व २१३ हे वाण त्यानंतरचे होत. याच संस्थेचे सी. एस. आर. मालिकेतील भात क्षारयुक्त जमिनींसाठी आहेत.

महाराष्ट्र व गोवा : या प्रदेशात लवणसह धान्याची परंपरा खरी रुजली ती कोरड्या भागात नव्हे, तर कोकणच्या खाड्यांकाठी. भरतीचे पाणी अडविण्यासाठी बांध घालून व ओहोटीला आतले पाणी सोडणाऱ्या उघाड्या ठेवून कमाविलेल्या या खार जमिनींत उन्हाळ्यात मीठ फुलते. जून-जुलैच्या जोरदार पावसाने वरच्या थरातील मीठ धुऊन गेले की, मोड आलेले भाताचे बियाणे चिखलात फेकून पेरतात. या पद्धतीला रहू म्हणतात. पाऊस ओसरल्यावर मीठ पुन्हा वर चढू लागते. ते दाण्याला बाधण्यापूर्वी तयार होणारा भात निवडावा लागतो. काळा रता व भुरा रता हे तांबूस तांदळाचे प्रकार येथलेच. त्यांच्यातून निवडलेले काळा रता १-२४ व भुरा रता ४-१० हे वाण पुढे पैदासकारांनी सहनशीलतेचा स्रोत म्हणूनही वापरले. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रातून पनवेल १, २ व ३ हे वाण निघाले. खार जमिनींच्या बांधांच्या देखभालीसाठी मुंबई राज्यात १९४८ मध्ये व महाराष्ट्रात १९७९ मध्ये कायदे झाले. गोव्यातील खाजन जमिनींत कोरगूट भाताचे स्थान असेच आहे. या पद्धतीत खाऱ्या पाण्याचे सिंचन नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. उलट खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठीच सारा खटाटोप असतो आणि धुण्याचे काम अडीच-तीन मी. पाऊस करतो. बांध फुटला की, सहनशील वाणाचाही इलाज चालत नाही. [→ भात].

कोरड्या प्रदेशातील खाऱ्या पाण्याची समस्या महाराष्ट्रात सर्वांत तीव्र आहे ती विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या खारपाणपट्ट्याचे क्षेत्र सु. पावणेपाच लाख हेक्टर आहे. येथील विहिरींचे पाणी पिण्यासही अयोग्य असल्याने गावोगावी दूरच्या धरणांतून नळाने पाणी आणावे लागते. एके काळी या पाण्यापासून मीठ काढीत असत. पाऊस सु. ८० सेंमी. पडतो. म्हणजे हा प्रदेश वाळवंट नव्हे, तरीही मीठ धुऊन जात नाही. याचे कारण मातीत आहे. खोल काळ्या चिकण मातीतील माँटमोरिलोनाइट प्रकारचे खनिज ओले होताच फुगते व भेगा मिटतात. त्यातच येथील हवामानात मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडत राहते आणि कणांवर सोडियमाचे प्रमाण वाढत जाते. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या संशोधकांना असे आढळले की, या मातीत विनिमेय सोडियम ५ टक्क्यांच्या पुढे जाताच जलवहन बिघडू लागते. रिव्हरसाइडची १५ टक्क्यांची मर्यादा येथे लागू पडत नाही. वरवर चांगल्या दिसणाऱ्या जमिनी परदेशी निकषावर ‘निर्दोष’ ठरून शेतात मात्र पिकांना साथ देत नाहीत, त्याचे हे स्पष्टीकरण होय.

खाऱ्या पाण्याची फसवणूक याच मातीत विशेष दिसते. पाण्यात मीठ भरपूर असते तोवर चिकण मातीचे कण एकत्र गोळा होऊन राहतात व पाणी मुरतेही. त्यामुळे पहिल्या रब्बीत सारे ठीक वाटते. पुढच्या मृगाचे गोडे पाणी पडताच मीठ विरल होते, कणांवर बसलेला सोडियम मात्र तसाच राहतो, कण सुटे होतात आणि छिद्रे बुजतात. शेतात पाणी साचते, वापसा येत नाही व पेरणी लांबते. नुकसान झाले ते रब्बीच्या पाण्याने, पण दिसते खरिपात. म्हणून दोघांचा संबंध पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खारपाणपट्ट्यातील शेतकरी विहिरीचे पाणी पिकास सहसा देत नाहीत. कापूस, तूर, मूग, ज्वारी ही पिके पावसावर व हरभरा, करडई ही पिके जमिनीतील ओलीवर घेतात. ही सवय मागासलेपणाची नसून अनुभवाची आहे.

कालव्यांखालील खारवट जमिनींची हकीकत वेगळी आहे. तेथे पाणी गोडेच होते. नीरा डाव्या कालव्याखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंचन सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत भूजल वर चढून जमिनी बिघडल्या आणि हॅरल्ड एच्. मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये त्यांवर अहवाल प्रसिद्ध केला. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूर भागात उसाच्या शेतीने हेच घडले. भूमिगत सच्छिद्र नळ घालून निचरा करणे हाच तेथील खरा उपाय असून सहनशील पिके दुरुस्तीच्या मधल्या काळापुरती उपयोगी पडतात.

बालाघाटातील कोरडवाहू जमीन : मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीकाठचे गाव प्राचीन तगर म्हणून ओळखले जाते. तेथील उत्खननांत जळून काळी पडलेली धान्ये सापडली असून त्यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. धान्यशेती या काठाला नवी नाही. आजही रब्बी ज्वारी हे येथील मुख्य अन्नधान्य आहे व ते पावसाळ्यात काळ्या जमिनीने साठविलेल्या ओलीवर येते. पाऊस सु. ७०–८० सेंमी. असला, तरी तो बेभरवशाचा असून अवर्षणाची वर्षे वारंवार येतात. तेरजवळ तेरणेवर १९६० च्या दशकात धरण झाले. ज्यांना त्याचे पाणी मिळत नाही, त्यांचा भार विहिरींवर व अलीकडे खोल विंधन विहिरींवर पडतो. बेसाल्टातील हे पाणी पूर्णा खोऱ्यातील पाण्याइतके खारे नसते. पण त्यात बायकार्बोनेटे असतात आणि काळ्या जमिनीत तीच अधिक घातक ठरू शकतात. पाणी आटताना बायकार्बोनेट मातीतील कॅल्शियमाशी संयोग पावून चुनखडी बनविते. या भागातील मातीत सर्वत्र आढळणारे चुनखडीचे खडे कॅल्शियम असे बाहेर पडत असल्याची साक्ष देतात. कॅल्शियम अशा रीतीने अडकले की, उरतो तो सोडियम. म्हणून केवळ संवाहकतेवरून पाणी चांगले ठरवू नये. एफ्. एम्. ईटन यांनी १९५० मध्ये सुचविल्याप्रमाणे कार्बोनेट-बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करून उरणारे ‘अवशिष्ट सोडियम कार्बोनेट’ पाहतात. ते लिटरला २·५ मिलिसममूल्यांहून अधिक असल्यास पाणी सिंचनास अयोग्य समजतात.

अशा शेतात ३ संवाहकतेचे पाणी चार वेळा दिले, तर काय घडते याचा हिशेब करता येतो. या पाण्याच्या लिटरमध्ये सु. १·९ ग्रॅ. मीठ असते. प्रत्येक पाळी ७·५ सेंमी.ची धरल्यास हेक्टरी ७५० घ. मी. पाणी लागते आणि त्याबरोबर सु. १·४ टन मीठ येते. चार पाळ्यांत जवळजवळ ५·७५ टन. धान्य व कडबा मिळून त्याचा अगदी अल्प अंश शेताबाहेर जातो. बाकीचे धुण्यासाठी दिलेल्या पाण्याचा किती भाग मुळांच्या खाली जावा याचे प्रचलित सूत्र आहे : पाण्याच्या संवाहकतेला, मातीत चालू शकणाऱ्या संवाहकतेच्या पाचपटीतून पाण्याची संवाहकता वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. वरील पाण्यासाठी ज्वारीला दिलेल्या पाण्यापैकी सु. १० टक्के, तर मक्याला दिलेल्यापैकी ५५ टक्के पाणी खाली जावे लागते. सहनशील पिकाचा खरा फायदा येथे दिसतो. त्याला मीठ मानवते म्हणजे जमीन धुण्यासाठी पाणी कमी लागते. पण हे सूत्र पाणी खाली जाऊ शकते असे गृहीत धरते. मुरमावरील हलक्या, उताराच्या रानात ते खरे ठरते. सखोल काळ्या रानात दहा टक्के पाणीही मुळांच्या खाली उतरेलच असे नाही.

व्यवहारात खारट पाणी वापरायचेच झाल्यास रान हलके किंवा मध्यम, उताराचे व मुरूम जवळ असलेले असावे. पेरणी पावसाच्या ओलीवर करून पीक गुडघाभर वाढेपर्यंत असे पाणी देऊ नये. गोडे पाणी थोडे उपलब्ध असेल, तर ते उगवणीसाठी व रोपावस्थेत आणि खारट पाणी दाणा भरताना, असा क्रम दोन्ही एकत्र मिसळून देण्यापेक्षा बहुधा फायद्याचा ठरतो; मिसळल्याने नाजूक अवस्थेलाही मीठ मिळते. वरंब्याच्या माथ्यावर मीठ गोळा होते, म्हणून बी वरंब्याच्या कुशीत टोकावे आणि उगवण कमी होणार हे धरून बियाणे थोडे जास्त वापरावे. ठिबकाने पाणी दिल्यास मीठ ओलीच्या कडेला सरकते, मात्र पहिल्या हलक्या सरीने ते पुन्हा मुळांशी येऊ शकते. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट जास्त असलेल्या पाण्याबरोबर जिप्सम द्यावे लागते. ढैंचा गाडल्याने त्याचा परिणाम वाढतो. पुढच्या पावसाळ्यात शेताची बांधबंदिस्ती करून पाणी जागीच मुरविणे इष्ट आहे, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ६० सेंमी. खोलीपर्यंतची माती तपासून पाहावी, केवळ वरच्या थराची नव्हे. सातू हे या सर्व धान्यांत सर्वांत सहनशील असूनही महाराष्ट्रात त्याला बाजारही नाही व ताटात जागाही नाही, त्यामुळे निवड व्यवहारतः ज्वारी, बाजरी व गहू यांतच करावी लागते. खारट पाण्यावर घ्यावयाची बाजरी हलक्या रानाला सर्वांत योग्य होय.

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा भर खारे पाणी वापरण्यापेक्षा पावसाचे पाणी साठविण्यावर राहिला आहे. शेततळ्यातील गोड्या पाण्याची एक-दोन संरक्षक पाणी हरभऱ्याला किंवा ज्वारीला दिल्यास विहिरीला हात लावावा लागत नाही. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाडा व विदर्भातील अवर्षणप्रवण गावांबरोबर, त्यांत धाराशिव जिल्हाही आला, पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावे स्वतंत्रपणे समाविष्ट करण्यात आली. दोन्हीकडे शेततळ्यांना साहाय्य देण्यात आले. तथापि खारपाणपट्ट्यात तळे फार खोल खणल्यास त्यात खारे भूजल उतरण्याचा धोका असतो, म्हणून तेथे खोली बेताची ठेवतात.